भाऊंच्या सदऱ्यावरची बातमी

धाराशिवला एसटी स्टँडच्या मागे, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत आमचं न्यूज पोर्टल चालायचं. दोन कॉम्प्युटर, एक कॅमेरा, एक संपादक आणि मी. संपादक बातम्या आणायचे, लिहायचे आणि मी पानं तयार करायचे. पान कसं दिसावं हे ब्राउझरला सांगणाऱ्या ज्या ओळी असतात, त्यांना सीएसएस म्हणतात. अक्षर केवढं, रंग कोणता, अक्षराच्या मागं काय, हे सगळं त्या ओळींत लिहावं लागतं. माझं पोट त्या ओळींवर होतं.

कुण्या नेत्याचा वाढदिवस असला की त्या दिवशी आमचं अख्खं पान त्याच्या फोटोवर उभं राहायचं. चौकात फ्लेक्स लागतो, तसा हा पानाच्या मागं लागायचा. त्यासाठी बॅकग्राउंड फिक्स्ड करायची एक ओळ असते. ती लिहिली की वाचणारा बोटानं बातम्या वर सरकवत राहतो, अपघात जातो, बाजारभाव जातो, चोरी जाते, नेता मात्र हात जोडून तिथंच. जिल्ह्यातल्या बऱ्याच पोर्टलवर ही पद्धत आहे आणि कुणाला तिचं काही वाटत नाही.

मी यायच्या आधी हे काम संपादक स्वतःच करायचे. त्यांनी एकदा छोटा फोटो लावला आणि नो-रिपीट लिहायला विसरले. मग फरशी बसवावी तसे नेते पानभर बसले, आडवे-उभे, ओळीनं. दुसऱ्या वेळी त्यांनी रुंद फोटो घेतला आणि कव्हर लिहिलं. कव्हर लिहिलं की फोटो पान भरून टाकतो, पण जे बाहेर जाईल ते कापतो. फोनच्या अरुंद पडद्यावर डावीकडचे नेते कापले गेले आणि मधला कार्यकर्ता तेवढा राहिला. दिवसभर लोक त्या कार्यकर्त्याला फोन करून शुभेच्छा देत होते. संपादक हे सांगताना स्वतःच हसायचे आणि म्हणायचे, "त्यानंतर तुला कामावर घेतली."

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे लिहिणार आहे, ते वाचताना तसं वाटेल.

मी वाढले पत्रकांवर. बाबा दिवसा छापखान्यात कामाला आणि संध्याकाळी चळवळीत, त्यामुळं दोन्हीकडून घरात पत्रकंच यायची. शाई पसरलेली, तिरकी कापलेली पत्रकं ते पिशवीत घालून आणायचे. कोऱ्या पाठीवर मी आणि माझी धाकटी बहीण पाढे लिहायचो आणि कागद उलटला की मागण्या दिसायच्या. गायरान नावावर करा. वसतिगृह सुरू करा. वस्तीला पाणी द्या. बाकीची पोरं धड्यातलं वाचायला शिकली, मी 'जाहीर आवाहन' वाचायला शिकले. छापलेलं वाचता आलं पाहिजे, एवढी एक गोष्ट त्यातून डोक्यात पक्की बसली. पत्रकाचा कागद गुलाबी की पिवळा, हे छापखान्यात कोणता गठ्ठा उरलाय त्यावर ठरायचं आणि त्यावरून कधी कुणी भांडलं नाही. अक्षर मात्र पुसट आलं तर बाबा गठ्ठा परत करायचे.

आमचं गाव बेंबळीच्या रस्त्यावरून आत वळून आहे. गावाला मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी शेवटची एसटी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि सकाळी उजाडायच्या आत तीच गाडी शहराकडे निघायची. पोरींचं कॉलेज त्या गाडीवर होतं. माझं झालं ते तिच्यामुळंच. ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची सोय गावानं करायची, हा रिवाज. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं एक खोली त्यासाठी होती. मग देवळाच्या कमिटीत भांडण झालं, दोन गट पडले आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली ज्यांच्याकडं, ते देईनात. ड्रायव्हर-कंडक्टर काही रात्री गाडीतच झोपले. नंतर त्यांनी नकार दिला आणि मुक्काम बंद झाला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दिवसभर त्या रस्त्यावर गाडी चालवून माणसानं डासांत सीटवर पाय मुडपून झोपावं, असं कुठं लिहिलंय?

बहीण तेव्हा बारावीला होती, सायन्सला. सकाळची प्रॅक्टिकल्स चुकायला लागली. पोरी अंधारात फाट्यापर्यंत चालत जायच्या, तिथं जीप मिळाली तर मिळाली. आमच्या गल्लीतल्या दोघींना घरच्यांनी कॉलेजातून काढलं. आईनं बहिणीला अजून काही म्हटलं नव्हतं. पण चुलती दर रविवारी येऊन एकच वाक्य बोलायची, "लातूरचं स्थळ चांगलं हाय, बघून तर घ्या."

पोरींनी निवेदन लिहिलं. स्वतः लिहिलं. बाबांनी वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"जोर न्हाय ह्याच्यात. शेवटी लिहा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल."

"कोण छेडणार, बाबा? तुमचे गुडघे दुखतेत," बहीण म्हणाली.

"माझे दुखतेत. तुमचे तर न्हाय ना?"

"आमाला कॉलेजला जायचंय. आंदोलनाला गाडी लागती, ती बी बंद हाय."

त्या निवेदनात एक ओळ होती, ती बहिणीची: 'खोली मिळत नसेल तर चालक-वाहकांच्या मुक्कामाची सोय आम्ही आमच्या बौद्धवस्तीतील समाजमंदिरात करू; तेथे पंखा, पाणी व स्वच्छतागृह आहे.' पोरींनी समाजमंदिर झाडून घेतलं होतं, सतरंज्या धुऊन ठेवल्या होत्या. मला ती ओळ बाबांच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जोरदार वाटली. गावानं कुलूप लावलं आणि वस्तीनं दार उघडलं, हे तीत धमकीशिवाय सांगितलं होतं.

आगारातल्या अधिकाऱ्यांनी निवेदन घेतलं, वाचलं आणि पोरींशी नीट बोलले. म्हणाले, मुक्कामाचा निर्णय माझ्या हातात नाही, परवा दुपारी वरच्या लोकांची बैठक आहे. बातमी आली असेल तर लिंक पाठवा, फोनवर दाखवता येते. कागद वर पोचेपर्यंत तुमची परीक्षा होऊन जाईल.

मी संपादकांना सांगितलं. त्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. निवेदन जसंच्या तसं घेतलं, वर दोन ओळी स्वतःच्या लिहिल्या. बैठकीच्या सकाळी बातमी पानावर आली.

त्याच दिवशी भाऊंचा वाढदिवस होता. भाऊ म्हणजे आमच्या भागातले नेते. त्यांचं नाव घ्यायची गरज नाही, कारण गावातही कुणी घेत नाही, नुसतं भाऊ म्हणतात. संपादकांनी आदल्या संध्याकाळीच फोटो पाठवला होता. भाऊ पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात, मागं काळपट लाल पडदा. मी तो लावला. डोकं कापलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेला धरला, सगळं नेहमीसारखं केलं आणि शहरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर गेले. सकाळी ऑफिसात येऊन चहा घेतेय, तेवढ्यात बहिणीचा फोन.

"अक्का, बातमी टाकली म्हणालीस. कुठंय?"

"वरून तिसरी."

"मथळा दिसायलाय. खाली काहीच न्हाय."

"नीट बघ की."

"म्या काय आंधळी हाय का? भाऊच्या सदऱ्यात गेलंय सगळं."

मागून बाबांचा आवाज आला, "सावलीत बघा म्हणावं, उन्हात फोन दिसत न्हाय." कुणीतरी पोरगी म्हणाली, तिरका धर. बहीण म्हणाली, "सावलीतच हाव, बाबा."

मी पान उघडलं. एरवी आमच्या पानाची बॅकग्राउंड गडद निळी असते आणि अक्षरं पांढरी. संपादकांच्या मते त्यानं पान टीव्हीसारखं दिसतं. आज निळ्याच्या जागी भाऊ होते आणि पांढरी अक्षरं पांढऱ्या सदऱ्यावर. एरवीचे नेते रंगीत जाकिटात असायचे, म्हणून इतके दिवस हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मथळा पिवळा, म्हणून तेवढा उरलेला. निवेदन तिथं पूर्ण होतं. बोट दाबून धरलं तर कॉपी करता येत होतं. पण डोळ्यांना तिथं एक धुतलेला सदरा होता आणि त्यावर चार गुंड्या.

"सर, निवेदनाची बातमी वाचता येईना," मी म्हणाले.

"शब्द तरी गाळलाय का त्यातला एक?"

"नाही. पांढऱ्यावर पांढरं आहे."

"उद्या आपोआप निळ्यावर येईल की. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"बैठक आज दुपारी आहे."

संपादकांनी चष्मा वर केला. "मग अक्षरं काळी कर."

काळी केली. सदऱ्यावरचा मधला भाग उमटला, पण दोन्ही बाजूंना लाल पडदा इतका काळपट होता की प्रत्येक ओळीची दोन्ही टोकं त्यात बुडाली. 'आम्ही विद्यार्थिनी' यातलं 'विद्यार्थि' दिसत होतं. समाजमंदिराच्या ओळीतून समाजमंदिर गायब.

"मग पातळ पडदा टाक मधे," संपादक म्हणाले. "पण भाऊ दिसले पाहिजेत."

पातळ पांढरा थर टाकता येतो, त्यालाही एक आकडा असतो. शून्य म्हणजे काच, एक म्हणजे भिंत. मी अर्ध्यावर ठेवला. अक्षरं बरी दिसली, भाऊ धुक्यात गेले.

"आजारी दिसायलेत," संपादक म्हणाले. "वाढदिवसाच्या दिवशी माणूस असा दिसतो का? कमी कर."

कमी केला, तर अक्षरं परत गेली. वाढवला, तर भाऊ गेले. असं आमचं वर-खाली चाललं होतं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट वाजत होती. भाऊंचा फोटो आणि पोरींचं निवेदन एकाच जागेवर आहेत आणि या खोलीत जो वाद चाललाय, तो कोणी किती पुसट व्हायचं याचा आहे. भाऊंनी थोडं पुसट व्हावं, ही मागणी इथं उद्धटपणा ठरत होती. पोरी पुसट झाल्या, तर तो एका दिवसाचा प्रश्न.

संपादक फोनवर बोलायला गॅलरीत गेले. मी आकडा एक केला. बातम्यांच्या मागं सरळ पांढरी भिंत आणि अक्षरं काळी. सेव्ह केलं, लिंक बहिणीला पाठवली. खाली लिहिलं, आता पाठव साहेबांना.

पंधराएक मिनिटांत भाऊंच्या माणसाचा फोन आला. संपादकांनी स्पीकर लावला नव्हता, तरी त्याचा आवाज खोलीभर होता.

"ओ संपादक, भाऊच्या तोंडावर पोरी बसवल्या व्हय? वाढदिवसाचं पान हाय का निवेदनाचं?"

संपादकांनी माझ्याकडं बघितलं. मी बघत राहिले. मनात सगळी वाक्यं तयार होती. हात लावणार नाही. तुम्ही काढा, मी परत टाकीन. पण संपादक मला काही बोललेच नाहीत. त्यांचा चेहरा बदलला, एखादा धागा सापडल्यासारखा.

"त्या पांढऱ्या खोक्यात काय लिहिलंय, वाचलं का तुम्ही?" ते फोनवर म्हणाले.

"काय लिहिलंय?"

"वाचा आधी. मग सांगा, भाऊंनी वाढदिवसाच्या दिवशी हे काम केलं, तर कसं दिसेल?"

पलीकडचा माणूस अडखळत वाचायला लागला. मला क्षणभर संपादकांचा अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. आगारातल्या अधिकाऱ्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं, लिंक मिळाली, छान लिहिलंय पोरींनो, वर दाखवतो. बैठकीत काय झालं हे मला आजही माहीत नाही. संध्याकाळी भाऊंच्या गाड्या गावात आल्या, देवळापुढं पाच मिनिटं थांबल्या आणि इतके दिवस जे कुलूप कमिटीला, सरपंचांना, कुणालाच उघडता आलं नव्हतं, ते उघडलं. खोली धुतली, चुना मारला, नवीन ट्यूबलाइट लावली. आठवड्याच्या आत मुक्कामी गाडी सुरू झाली. पुढं केळीचे खुंट बांधलेले, काचेवर भाऊंचा फ्लेक्स, ड्रायव्हर-कंडक्टरला शाल आणि नारळ. पोरींना खिडक्यांत बसवून फोटो काढले. समाजमंदिराकडं कुणी गेलं नाही. सतरंज्या घडी घातलेल्या, तशाच राहिल्या.

मी विचार करत होते, कुलूप एवढ्या लवकर कसं उघडलं? भाऊंच्या शब्दानं, असं गाव म्हणतं. मला वाटतं, त्या ओळीनं. एसटीची दोन माणसं आमच्या वस्तीत झोपणार, आमच्या हातचा चहा पिऊन सकाळी गाडी काढणार, गावाची गाडी आमच्या दारातून निघणार, हे छापून आलं आणि सगळ्यांना वाचता आलं. मग किल्ली सापडली. मी हे सिद्ध करू शकत नाही. बाबांना सांगितलं तर ते नुसते हसले आणि म्हणाले, "आता तू पत्रक लिहायला तयार झालीस."

संपादकांनी नवीन बातमी लिहिली. 'भाऊंच्या प्रयत्नांना यश.' त्यात निवेदन नव्हतं, पोरी 'विद्यार्थिनींनी आनंद व्यक्त केला' एवढ्यापुरत्या होत्या. त्यांना पानामागं खिडकीतल्या पोरींचा फोटो हवा होता.

"मस्त कव्हर कर," ते म्हणाले. "तुझी बहीण पण आहे त्यात. बघ, तिसऱ्या खिडकीत."

"पोरींचं निवेदन पूर्ण टाकणार असाल, तर करते."

"ते मागच्या आठवड्यात टाकलं ना?"

"समाजमंदिराची ओळ तरी टाका."

"कशाला उगीच?" ते हळू आवाजात म्हणाले. "गाडी सुरू झाली. गाव शांत आहे. ती ओळ आता कुणाच्या कामाची?"

मी बहिणीला फोन केला. मला वाटलं होतं, ती माझ्यापेक्षा जास्त पेटेल. ओळ तिची होती.

"अक्का, तू काय बी करू नको," ती म्हणाली.

"तुमचं नाव पुसलंय त्यांनी."

"पुसू दे. सकाळी गाडी येती. लई दिवसांनी प्रॅक्टिकल मिळालंय मला."

"आणि समाजमंदिर?"

"तू शहरात राहतीस," ती म्हणाली. "चुलती ह्या रविवारी आली न्हाय. तुला कळतंय का, ती का आली न्हाय?"

मला कळत होतं. कळूनही राग गेला नाही, आणि तो तिच्यावर नव्हता म्हणून कुठं टाकावा हेही समजेना. मी संपादकांना सांगितलं, हे पान मी करणार नाही. ते म्हणाले, "मग काय करणार? पत्रकं वाटणार?" मी म्हणाले, व्हय. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून स्वतःच बसले. फोटो लावला, नो-रिपीट आठवणीनं लिहिलं, कव्हर लिहिलं. माझ्या देखत त्यांनी फोनवर उघडून पाहिलं. बहीण कापली गेली होती. दोन खिडक्या, आणि फ्लेक्सवरचे भाऊ. मी पिशवी उचलली आणि उद्यापासून येणार नाही म्हणून सांगितलं. जिथं माझ्या ओळी संपल्या होत्या, तिथून त्यांच्या सुरू झाल्या होत्या.

काम सोडलं त्या संध्याकाळी मी मुक्कामी गाडीनं गावाला गेले. बहीण कॉलेजवरून त्याच गाडीत होती, पुस्तकं मांडीवर घेऊन पेंगत. गावात गाडी थांबली, माणसं उतरली. कंडक्टर वळकटी काखेत घेऊन देवळाकडं निघाला, तसं मी त्याला हाक मारली.

"खोली बरी आहे का?"

"बरी हाय, ताई. चुना नवा हाय, वास मारतो. पंखा न्हाय."

"समाजमंदिरात पंखा आहे. पोरींनी तुमच्यासाठी जागा करून ठेवली होती. निवेदनात लिहिलं होतं."

तो थांबला. "आमाला कुणी सांगितलंच न्हाय."

"आता सांगते."

बहिणीनं माझा दंड धरला. जोरात धरला.

कंडक्टरनं वळकटी या काखेतून त्या काखेत घेतली. देवळाकडं बघितलं, मग वस्तीकडं. "मला काय, पाठ टेकायची कुठंतरी," तो म्हणाला. "पण गावानं दिलेल्या खोलीतच राहा, असं सांगितलंय." ड्रायव्हरनं लांबून हाक मारली आणि तो गेला. मारुतीच्या देवळामागची नवी ट्यूब लागली.

"झालं तुझं?" बहीण म्हणाली.

"खरं तेच सांगितलं."

"उद्या गाडी आली न्हाय तर म्या तुझ्याशी बोलणार न्हाय." थोडं चालून गेल्यावर ती परत म्हणाली, "आली तरी बी न्हाय."

रात्री बाबा विचारत राहिले, काम का सोडलंस, पुढं काय. आईनं ताट वाढलं. बहीण भिंतीकडं तोंड करून अभ्यास करत होती. मी तिच्या पाठीशी बोलायचा दोनदा प्रयत्न केला. तुझी ओळ होती, एवढंच मला सांगायचं होतं, पण तिला ते माहीत होतं आणि माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पहाटे इंजिनाचा आवाज आला तेव्हा मी उठून बसले. तिचं अंथरूण घडी घातलेलं होतं. डबा नव्हता, चपला नव्हत्या. मला न उठवता ती गेली होती. मी दारात येईपर्यंत गाडी वळणावर पोचली होती आणि आतले दिवे लागलेले होते. खिडक्यांत पोरी दिसत होत्या, पण त्यातली ती कोणती, हे मला इतक्या लांबून ओळखता आलं नाही.